पॅच पाठवताना सीसीत कोणाला घ्यायचं?

उताऱ्यावरचं नाव चुकलेलं असो की गल्लीतली तुंबलेली गटार, अर्ज कसा करायचा हे बेळगावात कुणाला शिकवावं लागत नाही. अर्ज तहसीलदारांच्या नावे आणि खाली डाव्या कोपऱ्यात ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी, आमदार, जमलं तर पालकमंत्री. खालच्या टेबलावर कागद दबून राहू नये म्हणून वरच्यांना साक्षीला उभं करायचं. मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक असे दोन अर्ज लिहून प्रतींचा गठ्ठा पोचवलेली माणसं सीमाभागात घरोघरी सापडतील. माझ्याही घरात आहेत, आणि त्या प्रतींमुळे अडलेली कामं झालेलीही मी पाहिली आहेत.

म्हणूनच खानापूरच्या एका मुलाने त्याचा पहिला पॅच, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती ईमेलने पाठवायची फाइल, मला दाखवला, तेव्हा पत्राच्या सीसीतली, म्हणजे प्रती जाणाऱ्यांच्या यादीतली, ४३ नावं कुठून आली ते लगेच कळलं. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत जायचा. भट्टीचं तापमान मोजायला थर्मोकपल, त्याच्यामागे मॅक्स ३१८५६ ही चिप आणि ती जोडलेली लिनक्स चालणाऱ्या एका छोट्या बोर्डाला. त्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या लिनक्समधल्या कोडमध्ये, त्याला एक खरी चूक सापडली. सहा ओळींत दुरुस्त केली आणि लॅपटॉप घेऊन टिळकवाडीत माझ्याकडे आला.

“दादा, पाठवायच्या आधी एवढं बघा की.”

पॅच चांगला होता. सीसीत मात्र त्या फोल्डरला आजवर हात लावलेला प्रत्येक जण होता. वर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स होते, त्याचे प्रोजेक्ट गाइड होते आणि विभागप्रमुखही होते.

“एवढी माणसं कशाला घातलास रे?”

“कुणीतरी एक बघंल की, दादा.”

घडतं याच्या उलट. ४३ जणांना गेलेलं पत्र प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. ज्या एका माणसाने ते खरंच वाचायला हवं, तोही ‘बाकीचे बघतील’ म्हणून पुढे जातो. शेतातून पाइपलाइन न्यायची झाली तर ज्यांच्या बांधाखालून ती जाणार त्यांना आधी विचारावं लागतं. त्यासाठी सगळा गाव गोळा करत नाहीत, पण त्या बांधवाल्यांपैकी एकाला वगळूनही चालत नाही. पॅचमधली सीसी ही ती विचारणा आहे. हे एकदा मनात बसलं की खालचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

लिहितोय ते मुख्यतः लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, धरून, कारण तिथे पॅच अजूनही ईमेलनेच जातात आणि सीसीचे संकेत तिथेच सगळ्यात पक्के झाले आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पहिली पायरी: मेंटेनर्स फाइल स्वतः वाचा

कर्नलच्या सोर्समध्ये अगदी वरच्या फोल्डरात ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक फाइल असते. प्रत्येक विभागाची त्यात एक नोंद, आणि नोंदीतली प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते. ‘एम’ म्हणजे मेंटेनर, विभाग सांभाळणारा माणूस. ‘आर’ म्हणजे रिव्ह्यूअर. त्याला पॅच बघायचा असतो, पण तो पॅच उचलून आपल्या ट्रीमध्ये, म्हणजे कोडच्या आपल्या प्रतीत, घेतोच असं नाही. ‘एल’ ही त्या विभागाची मेलिंग लिस्ट, म्हणजे सगळ्या सदस्यांना पत्र पोचवणारा एक पत्ता. ‘एफ’ म्हणजे कोणत्या फाइली त्यात मोडतात. ‘टी’ म्हणजे त्या विभागाची गिट ट्री कुठे आहे (गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन).

नवखी मुलं ‘एस’ची ओळ वाचत नाहीत, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. तिथे ‘सपोर्टेड’ असेल तर त्या कामासाठी कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ असेल तर कुणीतरी लक्ष ठेवून आहे. ‘ऑड फिक्सेस’ असेल तर सांभाळणाऱ्याला फारसा वेळ नाही, जमेल तेव्हा बघेल. ‘ऑर्फन’ म्हणजे वालीच नाही. उत्तराची किती दिवस वाट बघायची आणि उशीर झाला तर किती मनाला लावून घ्यायचं, ते या एका शब्दावरून ठरवा.

आपल्या उदाहरणातला थर्मोकपलचा ड्रायव्हर आयआयओ या विभागात येतो. सेन्सर आणि एडीसी (विजेचा सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या चिप) यांचा हा विभाग जोनाथन कॅमेरॉन सांभाळतात आणि त्याची स्वतःची लिस्ट आहे. एवढं फाइलमध्ये दोन मिनिटांत सापडतं. त्या मुलाने ती फाइल उघडलीच नव्हती. गिट लॉगमधून सगळे पत्ते उचलले होते.

दुसरी पायरी: स्क्रिप्ट चालवा, पण तिचं ऐकताना डोकं वापरा

‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये ‘गेट_मेंटेनर डॉट पीएल’ नावाची स्क्रिप्ट आहे. आधी ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने पॅचची फाइल तयार करा आणि ती या स्क्रिप्टला द्या. ती पत्त्यांची यादी देते आणि प्रत्येक पत्त्यापुढे कंसात कारण लिहिते: मेंटेनर, रिव्ह्यूअर, ओपन लिस्ट, मॉडरेटेड लिस्ट, किंवा ‘कमिट_साइनर’ आणि पुढे टक्के.

ही कारणं वाचल्याशिवाय यादी जशीच्या तशी उचलू नका. मेंटेनर, रिव्ह्यूअर आणि लिस्ट ही नावं माणसांनी विचार करून फाइलमध्ये घातलेली असतात, ती सगळी घ्यायची. ‘कमिट_साइनर’चं तसं नाही. मेंटेनर्स फाइलमध्ये त्या फाइलीची नेमकी नोंद सापडली नाही, तर स्क्रिप्ट गिटच्या इतिहासात जाते आणि गेल्या वर्षभरात तिथे कुणाकुणाच्या सह्या आहेत ते मोजते. कुणीतरी पन्नास ड्रायव्हरांमध्ये एका फंक्शनचं नाव बदललं असेल, तर तो माणूसही टक्केवारीत वर येतो. त्याला थर्मोकपलशी काही देणंघेणं नसतं. अशी नावं दिसली की ‘गिट लॉग’ आणि ‘गिट ब्लेम’ने ती ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली ते बघा. खरंच त्या कोडवर काम केलेला असेल तर घ्या, नुसता झाडलोट करून गेलेला असेल तर सोडा. इतिहासात जाणंच टाळायचं असेल तर ‘नो-गिट-फॉलबॅक’ हा पर्याय आहे.

स्क्रिप्ट ताज्या सोर्सवरच चालवायची. आपल्या उबुंटूसोबत आलेल्या दोन वर्षं जुन्या कर्नलमध्ये मेंटेनर्स फाइलही दोन वर्षं जुनीच असते. मधल्या काळात माणसं नोकऱ्या बदलतात, लिस्टचे पत्ते बदलतात, आणि पहिल्याच पॅचवर चार पत्रं परत येतात. विभागाची स्वतःची ट्री किंवा ‘लिनक्स-नेक्स्ट’ ही पुढच्या आवृत्तीची एकत्रित ट्री घ्या.

टू आणि सीसी यातला फरक कर्नलमध्ये फार कडक नाही. तरी मी मुलांना एक सवय लावतो: पॅच जो उचलणार तो मेंटेनर ‘टू’मध्ये, बाकी माणसं आणि लिस्ट ‘सीसी’मध्ये. पत्र उघडल्याबरोबर काम कुणाकडून हवंय ते दिसतं. बीसीसी मात्र अजिबात नको. जो दिसत नाही त्याला कुणाचं उत्तरही पोचत नाही, आणि चर्चा सगळ्यांसमोर व्हावी हीच तर इथली रीत आहे.

तिसरी पायरी: फाइलीत नसलेली माणसं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि स्क्रिप्ट इथे पुरी पडत नाही.

पहिला माणूस, ज्याच्या कमिटमधली, म्हणजे गिटमध्ये आधी नोंदवलेल्या बदलातली, चूक आपण दुरुस्त करतोय तो. पॅचच्या मजकुरात ‘फिक्सेस’ अशी एक ओळ लिहायची असते. तिच्यात चुकीच्या कमिटच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली १२ अक्षरं आणि त्या कमिटचा मथळा येतो. ही ओळ लिहिली की त्या कमिटच्या लेखकाला सीसीत घेणं आलंच. ‘त्याची चूक चारचौघांत कशाला दाखवायची’ या संकोचाने आपली मुलं त्याला वगळतात. तसं करू नका. तो कोड त्याने का तसा लिहिला ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि पाठीमागे दुरुस्ती झालेली नंतर कळली तर ते त्याला जास्त लागतं.

दुसरा, ज्याने चूक कळवली तो. त्याच्यासाठी ‘रिपोर्टेड-बाय’ ही ओळ असते आणि त्यालाही पत्र जायला हवं, कारण दुरुस्ती त्याच्या यंत्रावर चालते का हे तोच सांगू शकतो. त्याने चूक उघडपणे कळवली असेल तर नाव लिहायला हरकत नाही. खासगीत कळवली असेल तर आधी विचारा. त्या मुलाच्या बाबतीत भट्टीचे आकडे चुकीचे येतायत हे पहिल्यांदा फाउंड्रीतल्या एका ऑपरेटरने ओळखलं होतं. त्यांचं नाव घालायची मुलाची फार इच्छा होती. मी त्याला सांगितलं की नाव घालायचं म्हणजे त्यांचा ईमेल पत्ता कायमचा जगासमोर जातो. तू उद्यमबागेत जाऊन त्यांना समजावून सांग आणि मग ठरव. ते म्हणाले नको. मग पॅचच्या मजकुरात नाव न घेता ‘फाउंड्रीच्या भट्टीवर आढळलं’ एवढंच लिहिलं.

तिसरा, ज्याने आधीच्या आवृत्तीवर काही म्हटलं होतं तो. पॅचची दुसरी आवृत्ती, म्हणजे व्ही-टू, पाठवताना स्क्रिप्ट पुन्हा चालवली की ती पुन्हा तेवढीच नावं देते. व्ही-वनला एखाद्या अनोळखी माणसाने अर्धा तास घालून उत्तर लिहिलं असेल, पण मेंटेनर्स फाइलमध्ये त्याचं नाव नाही, म्हणून तो गळतो. यासारखं मन मोडणारं दुसरं काही नाही. त्याने सुचवलेला बदल आपण केला आणि ते त्यालाच कळवलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून व्ही-टूच्या आधी व्ही-वनचा सगळा धागा उघडून उत्तर दिलेल्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घ्या. मी अजूनही कागदावरच लिहितो. शिवाय पॅचमधल्या तीन आडव्या रेघांच्या खाली, कोणाच्या सांगण्यावरून काय बदललं, ते नावानिशी लिहायचं. त्या रेघांखालचा मजकूर कमिटमध्ये जात नाही, वाचणाऱ्यांना मात्र दिसतो.

चौथा, ज्याच्या कोडवर आपल्या बदलाचा परिणाम होतो पण ज्याची फाइल आपण उघडलेलीही नाही. एखाद्या फंक्शनचं वागणं बदललं तर ते वापरणारे बाकीचे ड्रायव्हर ‘गिट ग्रेप’ने शोधा आणि त्यांच्या मेंटेनरना कळवा.

आता सह्यांबद्दल. ‘सीसी’, ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘सजेस्टेड-बाय’ या तीन ओळी सोडल्या तर दुसऱ्याच्या नावाची कुठलीही ओळ त्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय लिहायची नाही. ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासलं), ‘अॅक्ड-बाय’ (मान्य आहे), ‘टेस्टेड-बाय’ (चालवून बघितलं) हे त्या माणसाचे शब्द आहेत. उत्तरात कुणी “छान दिसतंय” म्हणालं म्हणून ‘रिव्ह्यूड-बाय’ आपण लिहून टाकणं म्हणजे दुसऱ्याची सही आपण करणं. उलट, कुणी ती ओळ स्वतः दिली असेल तर पुढच्या आवृत्तीत ती न विसरता घ्या. पॅच मधल्या काळात बराच बदलला असेल तर काढा आणि काढल्याचं सांगा.

चौथी पायरी: ज्यांना घ्यायचं नाही

लिनस टोरवाल्ड्स यांना नाही. त्यांच्याकडे पत्रांचा पूर असतो, आणि सहा ओळींचा पॅच त्यांच्यापर्यंत मेंटेनरच्या ट्रीमधून आपोआप जातो. जिल्हाधिकाऱ्यांना प्रत ठेवण्याची सवय इथे मोडावी लागते, कारण मेंटेनरला ती आपल्यावर दाखवलेल्या अविश्वासासारखी दिसते.

गाइडना नाही, विभागप्रमुखांना नाही, मित्रांना नाही. कॉलेजला पुरावा हवा असतो हे मला मान्य आहे, प्रोजेक्टचे मार्क त्यावर असतात. पण त्यांना सीसीत घेतलं की पुढच्या प्रत्येक उत्तराची प्रत त्यांच्याकडे जाते, आणि कुणीतरी अनवधानाने रिप्लाय-ऑल करून “वेल डन” लिहितो. ते जगभर जातं. त्याऐवजी पॅच पोचल्यावर लोअर या संग्रहातला दुवा त्यांना द्या. कर्नलच्या लिस्टवरचं प्रत्येक पत्र तिथे जपलेलं असतं आणि तो पुरावा कुठल्याही प्रिंटआउटपेक्षा भक्कम आहे.

जुन्या, स्थिर आवृत्त्यांतही दुरुस्ती जायला हवी असेल तर पत्राच्या सीसीत ‘स्टेबल’चा पत्ता टाकून भागत नाही. कमिटच्या मजकुरात, सह्यांच्या जागी, ‘सीसी’ म्हणून तो पत्ता लिहायचा. पॅच मुख्य ट्रीमध्ये पोचला की स्टेबलवाले ती ओळ पाहून तो उचलतात.

आणि चूक सुरक्षेची असेल, म्हणजे तिच्यातून कुणी परक्याच्या यंत्रात शिरू शकेल अशी, तर कुठल्याच उघड लिस्टला सीसी करू नका. कर्नलच्या सुरक्षा चमूचा वेगळा, बंद पत्ता आहे. आधी तिथे आणि त्या विभागाच्या मेंटेनरला कळवायचं.

पाचवी पायरी: एकाहून जास्त पॅच असतील तर

सिरीज पाठवताना शून्य क्रमांकाचं कव्हर लेटर असतं. ते सगळ्यांना जायलाच हवं. प्रत्येक पॅच सगळ्यांना पाठवायचा की ज्याचा त्याला, यावर जुन्या मंडळींतही दोन मतं आहेत. माझं मत असं: पाच-सहा पॅचपर्यंत अख्खी सिरीज सगळ्यांना द्या. सातपैकी फक्त चौथा पॅच हाती आलेल्या माणसाला मागचापुढचा संदर्भ शोधत बसावं लागतं. वीस ड्रायव्हरांना हात लावणारी सिरीज असेल तर मात्र कव्हर लेटर सगळ्यांना आणि पॅच ज्याचा त्याला. कव्हर लेटरमधल्या सीसीची नावं बाकीच्या पॅचना आपोआप लागत नाहीत. त्यासाठी ‘गिट सेंड-ईमेल’ला ‘सीसी-कव्हर’ हा पर्याय द्यावा लागतो. हे माहीत नसल्याने अर्धवट पोचलेल्या सिरीज मी कितीतरी पाहिल्या.

विभागांचे आपले नियमही असतात. नेटवर्किंगवाले १५ पेक्षा जास्त पॅचची सिरीज घेत नाहीत आणि नवी आवृत्ती २४ तासांच्या आत पाठवलेली त्यांना चालत नाही. डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगचा (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला कसं द्यायचं त्या नियमांचा) बदल वेगळ्या पॅचमध्ये ठेवायचा आणि त्याच्या मेंटेनरांना वेगळं घ्यायचं. कर्नलच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये हे लिहिलेलं आहे, आपल्या विभागाचं तेवढं वाचा.

सहावी पायरी: पाठवण्याआधी एकदा स्वतःला

‘गिट सेंड-ईमेल’ आपल्या बाजूने मदत करायला जातो आणि पॅचमधल्या ‘सीसी’च्या, ‘साइन्ड-ऑफ-बाय’च्या, तसंच ‘बाय’ने संपणाऱ्या इतर ओळींतले पत्ते आपोआप सीसीत घेतो. बहुतेक वेळा हेच हवं असतं. पण दुसऱ्या कुणाच्या जुन्या ट्रीमधून आणलेला पॅच असेल तर घात होतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या बोर्डासोबत आलेल्या कर्नलमधली दुरुस्ती मी सुटी करून पाठवली. त्या पॅचवर त्या कंपनीच्या अंतर्गत माणसांच्या पाच सह्या होत्या. पाचही जणांना पत्र गेलं. तिघांची पत्रं परत आली, आणि चौथ्याने विचारलं की हे काम बाहेर कसं आलं. कोडचा परवाना खुला होता, त्यामुळे पुढे काही झालं नाही. पण त्या माणसाला त्याच्या साहेबापुढे उत्तर द्यावं लागलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. ‘सप्रेस-सीसी’ हा पर्याय तेव्हा मला माहीत नव्हता.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी ‘ड्राय-रन’ देऊन चालवा, म्हणजे पत्र न जाता सगळे पत्ते पडद्यावर दिसतात. ते एकेक करून वाचा. मग सगळी सिरीज फक्त स्वतःच्या पत्त्यावर पाठवून बघा. त्यानंतर खरी. बी-फोर हे साधन वापरत असाल तर ‘ऑटो-टू-सीसी’ पत्ते गोळा करून देतं आणि ‘रिफ्लेक्ट’ने सगळं आधी स्वतःकडे मागवता येतं. एकदा हात बसला की मला बी-फोरच सोपं वाटतं.

पत्र साधा मजकूर असावं. एचटीएमएल पत्र लिस्ट घेतच नाही, परत पाठवते. जीमेल वापरणाऱ्यांनी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून अॅप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आणि कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ईमेलखाली ‘हे पत्र गोपनीय आहे’ असा ठोकळा आपोआप चिकटत असेल तर तो पत्ता वापरूच नका. गोपनीय म्हटलेला पॅच मेंटेनर घेऊ शकत नाही.

जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही. पाचांपैकी दोन पॅच गेले आणि नेट बंद पडलं, असं झालं तर घाबरून पुन्हा पाचही पाठवू नका. लोअरवर जाऊन किती पोचले ते बघा, राहिलेले तीन ‘इन-रिप्लाय-टू’ देऊन त्याच धाग्यात, त्याच सीसीसह पाठवा आणि एका ओळीत कारण लिहा.

सातवी पायरी: उत्तर आल्यावर

नेहमी रिप्लाय-ऑल. लाजून फक्त त्या माणसाला उत्तर दिलं की बाकीच्यांच्या लेखी तुम्ही गप्प बसलात. त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली आपलं उत्तर लिहायचं आणि नको तो जुना मजकूर कापून टाकायचा. सीसीतलं एकही नाव कापू नका. मध्येच नवा माणूस घ्यायची गरज पडली तर घ्या, पण का घेतला ते पत्राच्या सुरुवातीला सांगा. आणि कुणी मुद्दाम फक्त तुम्हाला लिहिलं असेल, तर त्याचे शब्द त्याला विचारल्याशिवाय लिस्टवर टाकायचे नाहीत.

“रिस्पेक्टेड सर” लिहू नका. पलीकडे बाई आहे की पुरुष हे नावावरून आपल्याला नेहमी कळतंच असं नाही, आणि तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची जीभ वळत नाही, मलाही सुरुवातीला जड गेलं. पण तिथे आदर दाखवायचा तो त्यांनी विचारलेलं नीट वाचून.

आठवी पायरी: वाट बघणं आणि आठवण करणं

उत्तर साधारण दोन-तीन आठवड्यांत येतं. आठवण करायची तर किमान एक आठवडा जाऊ द्या. कर्नलची एक आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते, आणि त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे विभागांचे नवे बदल मुख्य ट्रीमध्ये घेण्याचे, असतात. तेव्हा मेंटेनर स्वतःच गडबडीत असतात, नवे पॅच बघायला त्यांना सवड नसते. त्या दिवसांत आठवण करू नका.

आठवण करताना त्याच धाग्यात, त्याच माणसांना, दोन ओळी. आपल्या स्मरणपत्रात दर वेळी वरचा एक अधिकारी वाढतो, इथे एकही नाव वाढवायचं नाही. मेंटेनर पुष्कळदा नोकरी सांभाळून, रात्री घरी बसून हे काम करणारा माणूस असतो. त्याच्या डोक्यावर कुणाला आणून उभं केल्याने त्याची रात्र मोठी होत नाही. अनेक आठवडे गेले आणि एकाही आठवणीला उत्तर नाही, तर पॅच विषयाच्या ओळीत ‘रीसेंड’ लिहून तसाच पुन्हा पाठवा. विभागाला मेंटेनरच नसेल तरच अँड्र्यू मॉर्टन यांना लिहायचं. अशा बेवारस पॅचसाठी शेवटचा आधार म्हणून त्यांचंच नाव कर्नलच्या कागदपत्रांत दिलेलं आहे.

कर्नलबाहेर गेलात तर गिटहबवर ‘अॅट’ लावून नाव घेणं म्हणजेच सीसी. तिथल्या बऱ्याच प्रकल्पांत ‘कोडओनर्स’ फाइल रिव्ह्यूअर आपोआप नेमते, त्यामुळे हाताने नावं घेण्याची घाई नको. कमिटच्या मजकुरात तर ‘अॅट’ लावून नाव लिहूच नका, तो कमिट पुढे कुठे कुठे ढकलला जाईल तिथून त्या माणसाला सूचना जात राहतात.

शेवटी तुमचाच पत्ता

पॅच कोणत्या पत्त्यावरून पाठवता ते आधी ठरवा. कॉलेजचा पत्ता डिग्री झाल्यावर बंद होतो, आणि कमिटमधला पत्ता मात्र कायमचा राहतो. पुढे पत्ता बदललाच तर ‘डॉट मेलमॅप’ फाइलमध्ये जुन्याचा नवा जोडून देता येतो. पण सुरुवातच आपल्या स्वतःच्या, जन्मभर टिकेल अशा पत्त्यावरून केलेली बरी.

खानापूरच्या त्या मुलाचे ४३ पत्ते शेवटी नऊवर आले. व्ही-टूमध्ये दहा झाले, कारण व्ही-वनला मेंटेनर्स फाइलमध्ये नसलेल्या एका बाईंनी उत्तर दिलं होतं. व्ही-थ्री मेंटेनरने घेतला. मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे.

परवा त्याचा फोन आला. कुणा अनोळखी माणसाने त्याच ड्रायव्हरला एक पॅच पाठवला होता, ‘फिक्सेस’च्या ओळीत याचाच कमिट होता आणि सीसीत याचं नाव.

“दादा, माझीच चूक काढल्यात की. आता काय करू?”

“बोर्ड आहे का अजून तुझ्याकडे?”

“व्हय, गावाकडं आहे. शनिवारी चाललोय.”

“मग लावून बघ. चाललं तर टेस्टेड-बाय दे. रिप्लाय-ऑल कर, आणि शनिवारी बघतो म्हणून त्यांना आजच कळव.”